गोड लागलेली वाइन

वाइनच्या कारखान्याच्या अंगणात त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. बाहेरगावाहून आलेल्या गोडबाबाने प्रत्येक कामगाराच्या जिभेवर एक लाल वडी ठेवली, ती विरघळू दिली आणि मग टाकीतली सगळ्यांत आंबट वाइन पाजली. दात आंबवणारी ती वाइन मधासारखी गोड लागली. माणसं एकमेकांची तोंडं बघत राहिली.

"वाइन बदलली नाही, तुम्ही बदललात. शाप उतरला की सगळंच गोड लागतं," बाबा म्हणाला. शाप कुणाचा, कशापायी, हे त्याने कधीच सांगितलं नाही. विचारायचं भान कुणाला होतं?

पहिला पेला कारखान्याच्या चाखणाऱ्याचा होता. वीस वर्षं तो नुसत्या वासावरून पिंप नवं की जुनं ते ओळखायचा. पण तीन महिन्यांपूर्वी त्याचं नाक मेलं. वाइन म्हणजे नुसतं आंबट पाणी झालं. नोकरी जाईल या धास्तीने त्याने ब्र काढला नव्हता. फक्त बाबाला एकांतात सांगितलं होतं. आता बाबाने सर्वांदेखत त्याचं गुपित फोडलं आणि विचारलं, वास आला का? शेकडो डोळे त्याच्यावर खिळले.

"आला," तो म्हणाला. आला नव्हता. नुसती गोडी कळली होती.

चाखणाऱ्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दुसऱ्या दिवशी आजारी माणसांची रांग फाटकाबाहेर गेली. बाटल्या भरणाऱ्या बाईने त्याच भरवशावर मधुमेही नवऱ्याचं इन्सुलिन थांबवून वडी सुरू केली. आठवड्याभरात तो बेशुद्ध पडला. दवाखान्यात नेला म्हणून वाचला.

हे कळल्यावर चाखणाऱ्याने बाबाची एक वडी खिशात टाकली. त्याने शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बहिणीपुढे सगळं ओकून टाकलं. तिने वडी जिभेवर विरघळवली आणि वर चमचाभर व्हिनेगर घेतलं. तेही गोड लागलं. मग त्याला डोळे मिटायला लावून तिने नाकाशी आधी वाइन धरली, मग रॉकेल. त्याला फरक कळला नाही.

या वडीत असलेला एका फळातला पदार्थ जिभेला चिकटतो, तिने समजावलं. तासभर आंबटाला जीभ गोड समजते. नाकाला तो शिवतही नाही, आणि वाइनची खरी ओळख तर नाकाला असते.

"ताई, आता मी काय करू?"

"खोटं चारचौघांत बोललास ना? मग खरंही चारचौघांतच बोल."

त्याने कारखान्याच्या अंगणात सगळ्यांसमोर आपलं खोटं कबूल केलं आणि वड्या आणि व्हिनेगर मांडलं. ज्याने त्याने स्वतः चाखून पाहिलं. बाबा शंकेखोरांना नावं ठेवत मागच्या दाराने सटकला. पण बाटल्या भरणारी बाई जागची हलली नाही.

"बाबा परका होता," ती म्हणाली. "मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता."



पुढे डॉक्टरांना चाखणाऱ्याच्या नाकात गाठ सापडली. ती काढली, पण वास परत येईल की नाही, हे तेही सांगू शकले नाहीत. लवकर यायला हवं होतं, एवढंच म्हणाले.

जीभ फसते, नाक दगा देतं, आणि लाजेपोटी शहाणा माणूसही खोटं बोलतो. म्हणून कुणाच्याही शब्दावर औषध सोडू नका. आधी विचारा, पडताळा, मगच माना.