कोपराखालची उशी

तीन वर्षं सुकलालने सुरतेच्या कारखान्यात मागांच्या फिरत्या पट्ट्यांमध्ये हात घातले, ओरखडासुद्धा आला नाही. हात मोडला तो चहाला जाताना, तेलकट जिन्यावरून घसरून. दंडाचं हाड, बरोबर मधोमध. मागांवर देखरेख करणारा मास्तर म्हणाला, "बरं झालं, माग चालू असताना नाही पडलास." माग दीड महिना राखून ठेवायचंही त्याने कबूल केलं. मास्तरच्या मानाने हे फारच झालं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काखेतून कोपराखाली आणि तिथून बाहेरून खांद्यापर्यंत प्लास्टर चढवलं, मनगट गळ्यात अडकवलं आणि बजावलं, "कोपर लोंबकळू द्या. त्या वजनानंच हाड सरळ होतं. टेकू दिला की वाकडं बसेल. झोपायचंही बसूनच."

आठ दिवसांनी हाडाचा फोटो काढला. हाड वाकलेलं.

"टेकू दिला ना?"

"नाही साहेब."

"मग काय हौसेनं वाकलं? पुढच्या गुरुवारी असंच दिसलं तर चिरून सळई घालावी लागेल."

सळई म्हणजे चार महिने, आणि माग दुसऱ्याचा.

सुकलाल खोटं बोलला नव्हता. टेकू त्याने दिला नव्हता. लिंबायतच्या खोलीत रोज दुपारी भिंतीला पाठ लावून तो डुलकी काढायचा, आणि जाग यायची तेव्हा कोपराखाली उशी असायची. पट्ट्यापट्ट्यांची, सुताच्या चिंध्या भरलेली.

"मी काबर ठेवसू?" बायको, सरलाबाई, खेकसली. "आपल्याकडं असली उशीच नही!"

तिचा संशय शेजारच्या प्रमिलाबाईवर. या बाईचं आत्तापर्यंत हळद, अंडं आणि कडोदऱ्याचा हाडवैद्य सुचवून झालं होतं. तिने उशी पाहिली आणि जन्मात पहिल्यांदाच सल्ला दिला नाही.

"ही पांडुरंगची," ती म्हणाली. "म्युनिसिपालटीवाल्यांनी माझ्यासमोर जाळली." आणि घरी जाऊन भरदुपारी कडी लावून घेतली.

पांडुरंग सुकलालच्याच गावचा. सरलाबाई सुरतेला यायच्या आधी दोघं याच खोलीत राहायचे. गेल्या वर्षी प्लेगच्या आवईने सुरत रिकामी झाली, तेव्हा पांडुरंग तापाने फणफणला होता. तो मागे राहिला आणि याच खोलीत गेला. गावात सुकलालने सांगितलं होतं, "मी म्हटलं चल, तो म्हणाला तू हो पुढं." वाक्य चांगलं होतं. वर्षभर वापरूनही कुणी त्याला बोट लावलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी सरलाबाई साड्यांच्या घड्या घालायच्या कामाला गेली. सुकलाल भिंतीला टेकला, पण झोपेना. याच भिंतीला पांडुरंग टेकून बसला होता. आडवं पडलं की त्याला श्वास पुरायचा नाही. जाण्यापूर्वी सुकलालने शेवटचं काम केलं होतं ते त्याच्या कोपराखाली उशी सरकवण्याचं.

"पांडू," तो समोरच्या भिंतीला म्हणाला. "तू हो पुढं म्हणालाच नव्हतास. मीच म्हटलं, तू पड, मी रिक्षा लई येस. अन् सरळ टेसनवर गेलो. भुसावळची गाडी लागेल होती. रिक्षा मी पाहिलीच नही." त्याने हात जोडायचा प्रयत्न केला, एकच हात मोकळा होता. "मले टेकू देऊ नको रे. मन्हा हक नही."

डोळे मिटले ते कळलं नाही. जाग आली तेव्हा कोपर लोंबकळत होतं. उशी समोरच्या भिंतीशी होती. मधोमध खळगा, कुणी आत्ताच कोपर उचललं असावं तसा.

त्यानंतर उशी आली नाही. गुरुवारी डॉक्टर फोटो उजेडाला धरून खूश झाले. "काढला ना टेकू? बघा, हाड कसं ओळीत आलं. मनगट वर उचला. झकास!" माग वाचला.

बाहेर सरलाबाईने त्याला बाकावर बसवलं. "तुम्ही बसा. मी रिक्षा लई येस."

ती गर्दीत दिसेनाशी झाली. एक रिक्षा आली, पुढे गेली. दुसरी आली, तीही गेली. प्रत्येक आवाजाला त्याची मान वर व्हायची. पाच मिनिटं झाली असतील, नसतील. पांडुरंगने अशा रिक्षा किती दिवस ऐकल्या असतील, याचा हिशेब त्याला करवेना.

चौथ्या रिक्षेतून सरलाबाईने हाक मारली. तो चढला आणि प्लास्टरचा हात सांभाळत पार कडेला चिकटून बसला.

"अवो, मधी सरका ना! एवढी जागा कोणासाठी?"

"राहू दे," सुकलाल म्हणाला. "बसू दे त्याले."