पांढऱ्या फळ्याचा जळफळाट

मित्रांनो, माझ्या पांढऱ्या रंगावर जाऊ नका. मी आतून जळून काळा झालेला एक जुना फळा आहे.

ताईने मला विकत आणले तेव्हा तिची कंपनी दोन खोल्यांची होती आणि माणसे सहा. तिथे एकच नियम होता. ज्याच्या हाती मार्कर, त्याने बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. मार्कर बहुतेक वेळा ताईच्याच हाती असे. चौकोन, बाण, पुन्हा चौकोन. संध्याकाळपर्यंत माझ्यावर तीळ ठेवायला जागा उरत नसे. पुढे कंपनी वाढली, ताई तिची प्रमुख झाली. प्रत्येक नव्या कचेरीत तिने मला सोबत नेले. पाहुण्यांना सांगायची, "आमचं सगळं आधी याच्यावर झालं." मी फुशारून जात असे.

मग तिने पद सोडले. आता ती नव्या कंपन्यांत पैसे गुंतवते आणि त्यांना सल्ला देते. मला घरी आणून तिने खोलीच्या दाराआड टेकवले. तरुण मंडळी येत, बोलत. ताई ऐकून घेई आणि एका वीतभर वहीत टिपून ठेवी. ती वही पाहून माझ्या अंगाचा तिळपापड होई. काल आलेली ही चिमुरडी, आणि ताईचे अक्षर हिच्या वाट्याला! एकदा त्या वहीवर चहा सांडला तेव्हा मला मनापासून बरे वाटले. खोटे कशाला बोलू?

एके दिवशी एक मुलगी आली. दवाखान्यातल्या रांगा कमी करणारे ॲप तिला बनवायचे होते, पण समजावताना तिचा सगळा गुंता झाला. ताईने वही मिटली आणि मला दाराआडून ओढून काढले. बाहीने धूळ पुसली. मार्करचे टोपण उघडले. माझा आनंद गगनात मावेना.

तिने मार्कर मुलीच्या हातात दिला.

"तू लिही. मी बसते."

मुलगी पाऊण तास लिहीत होती. पुसायला गेली, तर काही पुसेना. मार्कर पक्क्या शाईचा निघाला. ताईने चूक केली होती. इतक्या दिवसांत तिची सवयच मोडली होती. मग तिने साधा मार्कर घेतला आणि मुलीच्या एकेका रेषेवरून तो फिरवला. ओल्या शाईने पक्की शाई सुटते. ताईचा हात पुन्हा माझ्यावर आला, पण दुसरीच्या रेषांवरून. शेवटच्या चौकोनापाशी ती थांबली. तिला बाण काढायचा होता, मला कळले. तिने टोपण लावले.

"याला घेऊन जा," ती म्हणाली. "इथे याला काम नाही."

आता मी त्या मुलीच्या दोन खोल्यांत आहे. नियम तोच आहे. ताई महिन्यातून एकदा येते आणि शेवटच्या खुर्चीवर हात मांडीखाली दाबून बसते. तिची नजर मुलीच्या मार्करवर असते. ती नजर मी ओळखतो. दाराआडून मी त्या वहीकडे तशाच नजरेने पाहत होतो.

मित्रांनो, मार्करला टोपण लावत जा, फळे कोरडे पुसत जा. आणि शेवटच्या खुर्चीवर कोणी असे बसलेले दिसले, तर त्याला एखादा बाण काढू द्या. माझ्यावर अजून जागा आहे.