सहीखालचा चेहरा

साक्रीला दिलेल्या कुंदाचं पोस्टकार्ड महिन्याकाठी भडगावला येई, आणि सहीखाली एक वाटोळा, हसरा चेहरा काढलेला असे. तिच्या आईला, भिकुबाईला, कार्डातलं तेवढंच वाचता येई. लहानपणी थाप मारली की कुंदा एक डोळा मिटून हसायची; म्हणून सासरी जाताना तिनं आणि वडलांनी, सुकदेवआबांनी, ठरवून टाकलं होतं, की चेहऱ्याचे दोन्ही डोळे उघडे असले तर वर लिहिलेलं खरं, एक मिटलेला असला तर खोटं. पोस्टकार्ड म्हणजे चव्हाट्यावरची गोष्ट. सासूनं पाहिलं तरी पोरकटपणा म्हणून सोडून द्यावं, इतकी ती खूण साधी होती. दोन वर्षं दोन्ही डोळे उघडेच आले.

१९८७ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जेव्हा सासुरवाशिणींनी माहेरी येऊन झोके घ्यायचे, तेव्हा कुंदाऐवजी तिचं कार्डच आलं. ‘यंदा येणं जमत नाही. मी इकडे सुखी आहे. काळजी नसावी.’ आबांनी वाचून दाखवल्यावर भिकुबाईनं ते हातात घेतलं आणि तिचं तोंड उतरलं. चेहऱ्याचा डावा डोळा मिटलेला होता.

"हाई खोटं शे," ती म्हणाली. "तुम्ही आजच जा."

धुळ्याला एसटी बदलून आबा दुपारी साक्रीत उतरले ते वाईट ऐकायच्या तयारीनंच. पण कुंदा दारातच भेटली, अंगानं भरलेली, हातभर बांगड्या ल्यालेली, ओठांवर हसू. तिनं शेवभाजी केली, आग्रह करकरून वाढली. सासू कमलबाई समोर बसून सुपारी कातरत होत्या. "तुमनी पोर मजामा शे, भाऊ. सगळासले तिना लळा लागेल शे." बोट ठेवावं असं त्या घरात काही नव्हतं, आणि तेच आबांना खुपत राहिलं.

कमलबाई आत गेल्या तसं आबांनी खिशातलं कार्ड कुंदापुढं धरलं. "हाई काय शे, बेटा? खरं सांग."

"दोन्ही डोया उघडाच शेतस ना, आबा."

आबांनी कार्ड उजेडात नेलं. दोन्ही डोळे उघडे होते. शाई फुटलेली नव्हती, खाडाखोड नव्हती. सकाळी नवराबायको दोघांनी पाहिलं होतं. पण म्हाताऱ्यांची नजर ती, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. त्यांनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मी सुखी शे, आबा. काळजी करू नका," कुंदा म्हणाली. तेच शब्द ती दुपारपासून तिसऱ्यांदा बोलत होती.

परतताना सासूसून दोघी त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला आल्या. एसटी सुटली आणि वैशाखातल्या कोरड्या मातीचा लोट उठला. आबांनी खिडकीतून मागं पाहिलं. कमलबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला होता, उभी राहिलेली माणसं डोळे चोळत होती. त्या धुळीत कुंदा हसत हात हलवत होती, पापणीही न लवता, कार्डावरच्या त्या वाटोळ्या चेहऱ्यासारखे दोन्ही डोळे सताड उघडे ठेवून.