जुळ्यातली कालवड

मी शेवगावला दहावीला विज्ञान शिकवतो. मुलींच्या अंडपेशींची सुरुवात आईच्या पोटातच होते आणि मुलांच्या शुक्रपेशी वयात आल्यावर तयार होऊ लागतात, हा भाग मी असा रंगवतो की शेजारच्या वर्गातली पोरंही कान देतात. आणि या विद्वानाने बाजारातून कालवड आणली ती जुळ्यातली. जोडीला गोऱ्हा होता. ‘जुळं म्हणजे बरकत,’ असं विकणारा म्हणाला आणि मी नंदीबैलासारखी मान डोलावली.

माझ्या बायकोने, रेबेकाने, तिचं नाव चंद्री ठेवलं. चंद्री वाढली, पण माजावर काही येईना. आमच्याही घरात लग्नाला नऊ वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता. शेजारच्या लंकाबाई दोन्ही विषय एकाच दमात उरकत.

“वांझच हाय जनू. मास्तर, तुमच्या दारातच कायतरी दोष हाय.”

रेबेका शेण भरत होती. तिने मान वर केली नाही. मला संताप आला, पण वर्गाबाहेर माझी जीभ टाळ्याला चिकटते.

शेवटी जनावरांचे डॉक्टर आले. “शमुवेल सर, गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली ना ही? पोटात दोघांचं रक्त एकमेकांत मिसळलं, गोऱ्ह्याची संप्रेरकं हिच्यात आली. त्यामुळे हिचं अंडाशय नीट वाढलंच नाही. अंडपेशी येणार कुठून?”

ते गेल्यावर मी कापलेलं नाक सावरत रेबेकाला म्हणालो, “म्हणजे दोष चंद्रीचा नाहीच. जोडीदारामुळे झालं.”

“माझ्याही सगळ्या तपासण्या झाल्या. सगळं चांगलं निघालं,” ती हात धूत म्हणाली. “माझ्या जोडीदाराची कधी करायची?”

“अगं, शुक्रपेशी तयार व्हायलाच अडीच महिने लागतात, त्यात आहाराचा, तापमानाचा...”

“शिकवू नका. सॅम्पल द्या.”

सोमवारी आम्ही नगरला, सावेडीतल्या लॅबमध्ये जायला निघालो. फाटकातच लंकाबाई. “जोडीनं कुठं?”

माझी जीभ टाळ्याला चिकटली. शेजारी रेबेकाची मान खाली गेली. ते मला बघवेना.

“माझी तपासणी करायला!” मी म्हणालो. “हिची झालीय. हिच्यात काहीही दोष नाही.”

आवाज वर्गातला निघाला. शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. समोरचा किराणावाला पुडी बांधायचा थांबला.

रेबेका स्टँडपर्यंत माझ्या पुढे चालली, मान वर करून. मी तिच्या मागे. रिपोर्ट काय यायचा तो येवो.