पुरावा मागणारा शब्द

मित्रांनो, मी खुरासानातल्या एका डोंगरी गावच्या मशिदीतला जुना मिंबर, म्हणजे प्रवचनासाठीचा पायऱ्यांचा लाकडी मंच, आहे. शुक्रवारी खतीब, म्हणजे प्रवचन करणारे, माझ्या पायऱ्या चढतात आणि राज्यकर्त्याचे नाव घेऊन दुआ मागतात. माझ्यावरून ज्याचे नाव घेतले जाईल, तोच धनी. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. आता लाज वाटते.

अक्रोडाच्या लाकडातून मला घडवले, तेव्हा लोक माझ्या नक्षीवरून हात फिरवत. वृद्ध खतीब जकरिया माझ्या शेजारी बसून गावकऱ्यांना अरबी शिकवत. एकदा गावचा अमीर तोगान तिथे आला.

"ख्वाजा, या शुक्रवारपासून मला सुलतान म्हणायचं. अमीर काय, गल्लोगल्ली झालेत."

जकरिया हसले. "अमीर म्हणजे हुकूम देणारा. तो तुम्ही आहातच. सुलतान हे मुळात माणसाचं बिरुदच नव्हतं. त्याचा अर्थ सत्ता, आणि पुरावासुद्धा. लोकांनी पुरावा मागितला तर काय दाखवाल? कालव्याचं पाणी तर तुमच्या बागेत वळवलंय."

शिकायला बसलेले लोक खाली मान घालून हसले. तोगान निघून गेला. दुसऱ्या दिवशी जकरियांच्या जावयाला त्याने कोठडीत टाकले.

शुक्रवारी जकरिया माझ्या पायऱ्या चढले. दुआ मागताना ते अडखळले, आणि मग म्हणाले, "सुलतान तोगान."

नमाज झाल्यावर त्यांची मुलगी माहरू बायकांच्या बाजूने सरळ पुढे आली.

"अब्बा, त्यानं पुरावा दाखवला का?"

"तुझा नवरा घरी येईल, पोरी."

"येईल हो. पण कशाच्या बदल्यात आला, ते त्याला मी सांगू की तुम्ही सांगाल?"

जकरिया माझा कठडा धरून उभे राहिले.

जावई सुटला. कालवा मात्र बागेतच राहिला. जकरियांनी पुन्हा कुणाला अरबी शिकवले नाही. पुढे कितीतरी धनी आले, सगळेच सुलतान झाले. माझी नक्षी धुळीने भरली, एका पायरीला कीड लागली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या लाकडाला अधूनमधून तेल लावा. आणि कुणाला मोठ्या नावाने हाक मारण्याआधी त्या नावाचा अर्थ विचारा. विचारणाऱ्याला एकटे सोडू नका. त्या दिवशी मशीद माणसांनी भरलेली होती. माहरूच्या शेजारी जाऊन कुणीच उभे राहिले नाही.