पाटी आडवीच राहिली

भरतीचं पाणी गल्लीत शिरायला लागलं, तसं शिंपीणताईने दुकानातलं शिलाई मशीन विटांवर चढवलं होतं. त्यावर मोबाईल टेकवून गल्लीतल्या बायका जागतिक हवामान परिषद बघत होत्या. मालिकेलाही एवढी गर्दी कधी झाली नव्हती. तिथे ताईचा धाकटा भाऊ होता, त्यांच्या एवढ्याशा देशाचा एकमेव प्रतिनिधी.

बुडत्या वस्त्या हलवायचा खर्च मोठ्या देशांनी करायचा, असं एक कलम मसुद्यात होतं. तिथे मतदान नसतं, हे भावानेच समजावलं होतं. अध्यक्ष विचारतो, कुणाची हरकत? देशाच्या नावाची पाटी कुणीच उभी केली नाही की हातोडा पडतो, ठराव मंजूर. एकाने जरी उभी केली, तरी गाडं अडतं. कलम गाळलं तर पाटी उभी करणारच, असं तो याच दुकानात छातीठोकपणे सांगून गेला होता.

कलम गाळलं. अध्यक्षाने विचारलं. पाटी आडवी, मागची खुर्ची रिकामी. हातोडा पडला.

‘‘लघवीला गेला असेल गं,’’ म्हातारी शेजारीण म्हणाली. ‘‘पुरुषांना ऐन वेळीच लागते.’’

बायका हसल्या. ताईला मात्र कॅमेरा फिरताना दाराशी कुणी पाठमोरं दिसलं होतं, हातात कॉफीचा कप. लहानपणी रोज चोळून न्हाऊ घातलेली पाठ ओळखायला तिला चष्मा लागत नव्हता.

संध्याकाळी त्याचा फोन आला. गल्लीत पाणी, म्हणून बायका दुकानातच अडकल्या होत्या. ऐन वेळी बाथरूमला जावं लागलं, असं त्याने सुरू केलं.

‘‘दारात होतास तू.’’

मग तो हळूहळू बोलला. एकट्याने अडून काय होतं? पुढच्या समितीचं उपाध्यक्षपद देऊ केलंय, आत राहून बरंच करता येईल. शिवाय खुर्चीत नव्हतो, म्हणजे आपण होकार दिलाच नाही.

‘‘समोर बसून हो म्हणाला असतास, तर भांडले तरी असते रे.’’

ताई, तुझी सोय करतो, तो म्हणाला. माझ्या इमारतीत वरच्या मजल्यावर खोली बघून ठेवलीय. कधीपासून, ते ताईने विचारलं नाही. तिने स्पीकर लावला.

‘‘सगळ्या इथेच आहेत. त्यांना तूच सांग.’’

बायका पाय वर घेऊन बसल्या होत्या. शेवटी म्हातारी पुढे वाकली.

‘‘जेवलास का रे, बाळा?’’

तेवढ्यावर त्याने फोन ठेवून दिला.