पाहुण्याचं पाणी

आमच्या वस्तीवर चहा कोराच पितात. नवा माणूस म्हणतो, गरिबी असेल. गरिबी आहेच, पण घरटी शेळ्या आहेत, दोन घरांत म्हशी आहेत, दुधाला तोटा नाही. आमच्या विहिरीच्या पाण्याचा चहा ठेवून त्यात दूध घातलं, की ते फाटतं, म्हणून आम्ही कोरा पितो. दिसायला मात्र ते पाणी काचेसारखं. कुणीही अधिकारी यावा, कठड्यावरून डोकवावं आणि म्हणावं, "छान आहे की!" मला त्या पाण्याचा राग येतो तो माणसाचा यावा तसा. तोंडावर गोड आणि पोटात भलतंच.

ओढ्याच्या वरच्या अंगाला एक कारखाना होता. तिथं काय बनायचं ते आम्हाला कधी कुणी सांगितलं नाही. तो बुडाला, मालक गेला, फाटकाला कुलूप लागलं, आणि त्यानं जमिनीत सोडलेली घाण तेवढी आमच्या वाट्याला राहिली. मग सरकारची योजना आली, ओढा आणि विहीर शुद्ध करायची. ठेकेदारानं विहीर एकदा उपसली, कठड्याला पिवळा रंग दिला आणि शेजारी पत्र्याच्या खोलीत एक यंत्र आणून बसवलं. त्या यंत्राला वीज काही जोडली नाही. पाटी मात्र झकास, खास यवतहून पेंटर आणून रंगवलेली.

माझी भांडगावच्या रस्त्याला पिठाची गिरणी आहे. बबनराव म्हणतात मला. दळणाला आलेल्या बायकांच्या तक्रारी ऐकून ऐकून माझंच डोकं फिरलं आणि मी अर्ज करायला लागलो. दौंडला खेटे घातले, पुण्याला घातले. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, आम्ही दोन उन्हाळे थांबलो. आम्ही आमच्या पैशानं पाणी तपासून आणलं, तर म्हणाले, खासगी नमुना चालत नाही. शेवटी एका कारकुनाला दया आली. तो म्हणाला, या योजनेच्या खर्चाचं ऑडिट लागलंय. पुण्याहून साहेब येतील, वस्तीवरच्या एका घरात जाऊन पिण्याच्या भांड्यातलं पाणी बाटलीत भरून नेतील. ते पाणी खराब निघालं, तर विहीर बाद धरून कॅनॉलकडून नळ आणावा लागेल. चांगलं निघालं, तर योजना यशस्वी आणि फाइल बंद.

मला तर दिवाळीच आल्यासारखं झालं. पाणी खराब होतं, यात शंका कुणाला होती?

घर ठरलं रखमाजीमामांचं. विहिरीला सगळ्यांत जवळचं. मामांच्या बापजाद्यांनी मेंढरांमागं जन्म काढला. मामांनी मेंढरं विकून ही जमीन घेतली आणि दारात विहीर आहे म्हणून इथं घर बांधलं. त्यांची बायको म्हाळसामावशी. मुलगा मल्हार कंपनीत कामाला, सून अंकिता, आणि सहा वर्षांची नात सोनम.

सोनमचं पोट सारखं दुखायचं. अंगावर चट्टे उठायचे, रात्रभर खाजवत बसायची पोर. दौंडच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि म्हणाले, "पाणी बदला, नाहीतर औषधाचा उपयोग नाही." तेव्हापासून म्हाळसामावशी रोज पहाटे कॅनॉलपलीकडं तुळजाबाईंच्या मळ्यात जायची आणि एक कळशी आणायची. तुळजाबाईंची विहीर उन्हाळ्यात तळाला जायची, त्या तरी किती जणांना देणार? आजारी पोरीसाठी एक कळशी, एवढंच त्यांनी कबूल केलं होतं. घरातल्या बाकीच्यांनी त्या कळशीला हात लावायचा नाही. मामा स्वतः विहिरीचं प्यायचे आणि वर म्हणायचे, "आमची आतडी जुनी हायती, आमाला काय हुतंय."

ऑडिटच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या ओट्यावर बसून सगळं समजावून सांगितलं. साहेबांना विहिरीचं पाणी प्यायला द्यायचं. बाटलीही त्यातूनच भरायची. आणि दुधाचा चहा ठेवायचा, फाटला की पातेलं तसंच पुढं आणून दाखवायचं.

"फाटल्याला च्या पाव्हण्याला दाखवायचा?" मावशीनं विचारलं.

"पाहुणा कसला? ऑडिटचा साहेब तो. सोनमच्या नळाचा सवाल आहे, मावशी."

"व्हय," ती म्हणाली आणि तिनं मान हलवली. मला वाटलं, झालं काम.

साहेब आले ते भर बारा वाजता, मे महिन्यातल्या उन्हात. माणूस उतारवयाचा, निवृत्तीला टेकलेला. जीप ओढ्यापलीकडंच अडकली, म्हणून चालत आलेले. ओठ सुकून पांढरे पडले होते, सदरा पाठीला चिकटला होता. बरोबर ठेकेदाराचा एक सुपरवायझर होता, छत्री एकट्याच्याच डोक्यावर धरून. मामांनी काळी घोंगडी अंथरली. साहेब तिच्यावर टेकले आणि आत बघून म्हणाले, "आई, आधी जरा पाणी द्या."

म्हाळसामावशी तांब्या घेऊन आली. घासून लखलखीत केलेला तांब्याचा तांब्या, सोबत वाटीत गुळाचा खडा. साहेब घटाघटा प्यायले, पुन्हा मागितलं, पुन्हा प्यायले. सोनम दाराच्या चौकटीला धरून त्या तांब्याकडं टक लावून बघत होती. तिच्याकडं बघून तरी मला कळायला हवं होतं. पण मी साहेबांचं तोंड कधी वाकडं होतंय याची वाट बघत होतो.

"गोड आहे हो पाणी," साहेब म्हणाले.

मी मनात म्हटलं, भला माणूस आहे, तोंडावर बोलत नाही. त्यांनी पिशवीतून बाटली काढली. "तुम्ही पिता त्याच भांड्यातलं भरा, आई." मावशी आत गेली, बाटली भरून घेऊन आली. साहेबांनी बूच लावलं, लाख लावून मोहोर केली, मामांचा अंगठा घेतला. सगळं कसं नियमानं चाललं होतं. मी खुशीत होतो.

मग चहा आला.

पांढराशुभ्र, दाट, वर साय धरलेला. त्यात एकही गाठ नव्हती. मी कपाकडं बघितलं, मावशीकडं बघितलं. ती खाली बघत होती. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात. आमच्या पोहऱ्यात आलं होतं आणि ते आता साहेबांच्या बाटलीत जाऊन बसलं होतं.

"साहेब, हे पाणी विहिरीचं नाही!" मी ओरडलोच.

सुपरवायझर हसला. "साहेब, हे बबनराव. अर्ज यांचेच. पंचायतीला उभे होते, पडले. तेव्हापासून त्यांना सगळंच कडू लागतं."

पडलो होतो, खोटं कशाला बोलू? पण त्याचा इथं काय संबंध? साहेबांनी मला गप्प राहायची खूण केली आणि मावशीला अगदी मऊ आवाजात विचारलं, "आई, तुम्हीच सांगा. हे पाणी कुठलं?"

सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. मी तर हात जोडले.

"घरचंच हाय," मावशी म्हणाली.

"रोज पिता तेच ना?"

"व्हय. घरचंच."

मी म्हटलं, मग आत्ता विहिरीवर चला, माझ्यासमोर दुसरी बाटली भरा. साहेब विहिरीपर्यंत आलेही. कठड्यावरून वाकून बघितलं. तळापर्यंत स्वच्छ. "बबनराव, एका घराचा एकच नमुना घेता येतो. तो घेतलाय, मोहोर झालीय. घरातली बाई सांगतेय, मी तिचं ऐकू की तुमचं?" त्यांच्या जागी मी असतो, तर मीही तिचंच ऐकलं असतं. आपणच ऑडिट आणलं आणि आपल्याच हातानं फाइल बंद करून दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

जीपची धूळ बसायच्या आत मी मावशीपुढं जाऊन उभा राहिलो. काय काय बोललो ते आता लिहवत नाही. मामा मधे पडले नाहीत. ती चुलीपाशी बसून सगळं ऐकून घेत होती. मी दमलो तेव्हा ती बोलली.

"सकाळधरनं मनाशी म्हनत व्हते, हिरीचंच द्यायचं. तांब्या बुडवला बी हिरीच्या हंड्यात. पर त्यानं आई म्हनून हाक मारली, बबनराव. त्याच्या व्हटाला पापुद्रं आलं व्हतं. दारात आल्याल्या मानसाला जानूनबुजून इख पाजू? आन प्याला एक दिऊन बाटलीत दुसरं कसं भरू?"

"बरं, पाजलं नाहीत. पण विचारल्यावर तरी सांगायचं, लांबून आणलंय म्हणून!"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की जणू मीच काहीतरी अभद्र बोललो. "त्यो पीत असताना सांगू? तुमच्यासाठी कॅनॉलापल्याडनं डोक्यावर आनलंय, नातीच्या वाट्याचं दिलंय, आसं? पान्याचं उपकार सांगत्यात व्हय कुनी?"

आमच्यात पाणी देताना ते कुठून आणलं हे सांगत नाहीत, हे मलाही ठाऊक होतं. माझी आईसुद्धा हेच म्हणाली असती. राग आला तो मग माझाच मला आला. ज्या बाईच्या हातून कधी कुणी उपाशी गेलं नाही, तिच्या हातात मी नासकं पाणी वाढायचं काम दिलं होतं.

तेवढ्यात सोनम आली. "आजी, माझं पानी?"

कळशी रिकामी होती. साहेबांनी दोन तांबे घेतले, बाटलीत गेलं, उरलेल्याचा चहा झाला. मावशी उठली, हंड्यातलं विहिरीचं पाणी पेल्यात घेतलं आणि पोरीच्या हातात दिलं.

पावसाळ्यात कागद आला. पाणी पिण्यास योग्य, खर्च योग्य, योजना यशस्वी. मी फेरतपासणीचा अर्ज केला, त्याचं उत्तर आजतागायत नाही. ठेकेदाराला पलीकडच्या गावातलं तसलंच काम मिळालं. पेंटरही तोच असणार.

त्याच पावसाळ्यात कॅनॉलच्या शेवाळलेल्या पुलावरून म्हाळसामावशी कळशीसकट पडली. गुडघा गेला. अंकिता आणायची पाणी, पण तिला शेतातलं काम, रोज कुठलं जमायला? सोनमचे चट्टे चिघळले. शेवटी अंकितानं पोरीचं दप्तर भरलं आणि तिला आपल्या माहेरी, शिरूरकडं ठेवलं. तिथल्या शाळेत नाव घातलं. जाताना पोर रडली नाही, एस.टी.त खिडकी मिळाली म्हणून खुशीत होती. रडले ते रखमाजीमामा, माझ्या गिरणीत, पट्ट्याच्या आवाजात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

चंपाषष्ठीला मावशीनं मला जेवायला बोलावलं. भरीत आणि रोडगा. मी आलो तेव्हा सोनम अंगणात खेळत होती, दोन दिवसांसाठी आलेली. अंग स्वच्छ झालं होतं, गाल वर आले होते. बघून बरं वाटलं आणि वाईटही तितकंच वाटलं. पोर कधीच परत येणार नव्हती, हे त्या गालांवरच दिसत होतं.

मावशीनं मला पेल्यात पाणी दिलं. विहिरीचं. मी पेल्याकडं बघितलं तशी म्हणाली, "तुमी घरचं. तुमास्नी कसला मानपान." मी प्यायलो.

सोनम धावत आली. "आजी, मला पन दे."

मावशी भिंतीला धरत उठली, लंगडत कोपऱ्यात गेली. तिथं फडक्यानं झाकलेली कळशी होती. तसल्या गुडघ्यानं ती पहाटे कॅनॉलपलीकडं कशी गेली असेल, हे मी विचारलं नाही. तिनं तो तांब्याचा तांब्या काढला, भरला, वाटीत गुळाचा खडा ठेवला.

"ह्यात नगं," सोनम म्हणाली. "बबनआप्पाला दिलं तसं पेल्यात दे. आपल्या हिरीचं."

"न्हाई गं बाय. तू आता पाव्हणी हायेस."

मामांनी घोंगडी अंथरली. सोनम तिच्यावर मांडी घालून बसली, साहेब बसले होते तिथंच, आणि दोन्ही हातांनी तांब्या धरून पाणी प्यायली.